नवे इंजिन घाटात न्यावे का, आणि ऑईल फिल्टर कोणता घ्यावा?

पावसची शिक्षिका:

नमस्कार. गेल्या महिन्यात आम्ही १.२ लिटरची पेट्रोल गाडी घेतली असून आजपर्यंत ती ३४० किलोमीटर चालली आहे. शाळा घरापासून दोन किलोमीटरवर असल्याने रोजचे जाणे-येणे चार किलोमीटरच्या पुढे जात नाही. रविवारी भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीला एखादी फेरी होते, तेवढीच. पुढच्या आठवड्यात सासूबाईंना तपासणीसाठी कोल्हापूरला न्यायचे आहे, म्हणजे आंबा घाट चढणे-उतरणे आलेच. १००० किलोमीटर होईपर्यंत नवी गाडी घाटात घालू नये, असे शेजारचे काका ठामपणे सांगतात. हे खरे आहे का?

दुसरा प्रश्न ऑईलचा. पहिल्या सर्व्हिसला फक्त तपासणी होते, ऑईल बदलत नाहीत, असे सर्व्हिस सेंटरने सांगितले, तर यजमानांच्या मित्राच्या मते पहिले ऑईल आणि फिल्टर १००० किलोमीटरला काढून टाकलेच पाहिजेत. बाजारात निम्म्या किमतीचे फिल्टरही मिळतात आणि तेही आमच्या गाडीला 'बसतात' म्हणे. त्यावर विश्वास ठेवावा का?

चिपळूणचा गॅरेजवाला:

ताई, गाडी निर्धास्तपणे घाटात न्या. काकांचा सल्ला काळजीपोटी असला तरी तुमच्या इंजिनाला घाटापेक्षा रोजचे चार किलोमीटर अधिक जाचक आहेत.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा पाडलेल्या असतात. त्या रेघांत ऑईल धरून राहते आणि पिस्टनच्या रिंगा (पिस्टनभोवती बसवलेली धातूची कडी) त्या भिंतीवर घासून हळूहळू आपली जागा पक्की करतात. रिंग भिंतीवर दाबली जाते ती बहुतांशी जळणाऱ्या वायूच्या दाबाने, कारण तो दाब रिंगच्या मागच्या खाचेत शिरून तिला बाहेर ढकलतो. गाडी सतत हलक्या पायाने, एकाच वेगाने चालवली तर हा दाब पुरेसा मिळत नाही; रिंगा नीट बसण्याआधीच भिंत गुळगुळीत होते आणि पुढे इंजिन ऑईल पिऊ लागते. म्हणून नव्या इंजिनाला काम हवे, फक्त ते बदलते आणि मध्यम हवे. साखरप्यापर्यंतच्या रस्त्यावर इंजिन पूर्ण गरम होईल, मग घाट लागेल, हा क्रम तर उत्तमच आहे.

दोन गोष्टी मात्र टाळा. चढावर वरच्या गियरमध्ये कण्हत-कण्हत गाडी ओढू नका. इंजिन घरघरायला लागण्याआधीच खालचा गियर टाका, आवाज वाढला तरी चालेल. आणि एक्सलरेटर तळापर्यंत दाबून धरू नका. साधारण ३००० ते ३५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) आत चढ सहज निघतो, तरी तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. उतरताना पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करण्याची आपल्याकडची सवय तर अगदी सोडा. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गियरमध्ये असताना पाय उचलला की पेट्रोल आपोआप तुटते, आणि नव्या ब्रेक पॅडवर सगळा भारही येत नाही.

आता रोजच्या चार किलोमीटरबद्दल. तेवढ्या अंतरात पाण्याच्या तापमानाचा काटा वर आला तरी ऑईल पुरते तापत नाही. जळणातून तयार होणारी वाफ आत थंड होऊन ऑईलमध्ये मिसळते, थोडे पेट्रोलही त्यात उतरते आणि दोन्ही उडून जायला लागणारी उष्णता मिळतच नाही. पावसाळ्यात ऑईलचे झाकण उघडून पाहा; आतल्या बाजूला दुधाच्या सायीसारखा पिवळट थर दिसला तर तो याचाच. झाकणापुरता असेल तर घाबरू नका, पण डिपस्टिकवरचे, म्हणजे ऑईल मोजायच्या काडीवरचे, ऑईलच चहासारखे दुधाळ दिसले तर गाडी सुरू करू नका. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीच्या पुराचे पाणी गाड्यांत शिरले तेव्हा तसे ऑईल आम्ही पोटभर पाहिले. आठवड्यातून एकदा तरी गाडी सलग वीस-पंचवीस किलोमीटर चालवा आणि ऑईल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांच्या मुदतीवर बदला.

निवृत्त, एस. टी. कार्यशाळा:

वरील उत्तर योग्य आहे, पण पहिल्या ऑईलचा मुद्दा त्यात राहून गेला. शेजारच्या काकांच्या काळात बोअर केलेले (सिलिंडर आतून कोरलेले) इंजिन खरोखरच जपावे लागे, कारण भिंत खडबडीत असे आणि पहिल्या ऑईलमध्ये चंदेरी भुगा डोळ्यांना दिसे. आता होनिंगच (भिंतीवर त्या तिरप्या रेघा पाडण्याचे काम) इतके सफाईदार होते की रिंगा बसण्याचे बरेचसे काम कारखान्यातच उरकलेले असते. तरीही सुरुवातीचे कण निघतातच. मोठे कण फिल्टर धरतो, त्याच्या जाळीहून बारीक कण ऑईलबरोबर फिरत राहतात.

माझे मत असे आहे की १००० किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदलल्याने नुकसान काहीच नाही, पण न बदलल्याने इंजिन बिघडेल असेही नाही. तुमची धाव छोटी आहे, म्हणून मी असतो तर खर्च केला असता. मात्र ऑईलचा ग्रेड, म्हणजे जाडीचा प्रकार, बदलू नका. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिले असेल तर 'कोकणातल्या उकाड्याला जाडच हवे' असे म्हणून कोणी २०डब्ल्यू-४० ओतायला आले तर त्याला चहा पाजून परत पाठवा. काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या आणि जॉब कार्डवर नोंद घ्या, म्हणजे वॉरंटीचा वाद उद्भवणार नाही.

चिपळूणचा गॅरेजवाला:

एस. टी. कार्यशाळेच्या काकांशी सहमत. फिल्टरचे उत्तर राहिले होते.

आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला, असे होत नाही. फिल्टरच्या डब्याच्या आत कागदाच्या घड्यांखेरीज बहुधा दोन झडपा असतात. एक बायपासची, घड्या चोंदल्या किंवा ऑईल गार आणि जाड असले की ती उघडते आणि न गाळलेले का होईना, पण ऑईल बेअरिंगला पोहोचते. ती किती दाबाला उघडावी हे प्रत्येक इंजिनाप्रमाणे वेगळे असते. दुसरी झडप रबराची; इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले ऑईल मागे ओघळू नये म्हणून ती असते. फिल्टर आडवा किंवा उलटा बसवलेला असेल तर हिचे महत्त्व फार, कारण ती निकामी झाली तर सकाळी सुरू करताना ऑईलचा दाब येईपर्यंत इंजिन क्षणभर खडखडते. साधे नायट्राईल रबर उष्णतेने कडक होत जाते, सिलिकॉन जास्त काळ मऊ राहते.

मी एकदा निम्म्या किमतीचा आणि मूळचा, असे दोन वापरलेले फिल्टर करवतीने कापून शेजारी ठेवले होते. स्वस्तातल्याच्या घड्या मोजक्या आणि वाकड्या, एका टोकाला डिंक सुटलेला. म्हणजे ऑईल कागदातून न जाता त्या फटीतूनच वाहत असणार. बाहेरून दोन्हींचा रंगसुद्धा सारखा होता. तेव्हा गाडीच्या कंपनीचा किंवा नावाजलेल्या फिल्टर उत्पादकाचा, पण पार्ट नंबर पडताळून आणि पक्के बिल घेऊनच घ्या. वर्षभराचा साठाही करू नका. आपल्याकडच्या दमट हवेत पुठ्ठ्याचे खोके मऊ पडते आणि आट्यांवर गंज धरतो.

कुडाळचा प्रवासी:

फिल्टर कितीही चांगला असला तरी बसवणाऱ्यावर सगळे अवलंबून असते, हा माझा अनुभव. एका गॅरेजमध्ये जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर आवळला गेला. घरी येईपर्यंत काही कळले नाही. सकाळी जांभ्याच्या अंगणात ताटाएवढा काळा डाग पडला होता आणि डिपस्टिक जवळपास कोरडी होती. नशिबाने गाडी सुरू केली नव्हती.

तेव्हापासून जुना फिल्टर निघाला की त्याच्या तोंडावर रिंग आहे ना, हे मी स्वतः पाहतो. नव्या रिंगला बोटाने ऑईल लावायला सांगतो आणि पाना न लावता हातानेच, रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, आवळायला लावतो. ऑईल काढण्याच्या बोल्टचा वॉशरही नवा घालून घ्या.

पावसची शिक्षिका:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घाटाची भीती गेली. १००० किलोमीटरला ऑईल आणि मूळ फिल्टर बदलून घेण्याचे ठरवले आहे. आज तुमचे वाचून डिपस्टिक पाहिली तर ऑईल खालच्या खुणेलाच दिसले. गाडी नवी असताना असे कसे?

निवृत्त, एस. टी. कार्यशाळा:

ताई, तुमचे अंगण उतरते आहे का? गाडी सपाट रस्त्यावर आणा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा, काडी पुसून पुन्हा घाला आणि मग पाहा. तरीही खालच्याच खुणेला असेल तर कोल्हापूरला निघण्याआधी सर्व्हिस सेंटरमधून त्याच ग्रेडचे ऑईल वर घालून घ्या. वरच्या खुणेच्या पुढे मात्र जाऊ देऊ नका.

पावसची शिक्षिका:

अंगण उतरतेच आहे. शाळेसमोरच्या सपाटीवर पाहिले, ऑईल दोन खुणांच्या मधोमध आहे.