खालची आडवी अक्कलदाढ काढायची आहे. सुट्टी किती टाकू?

सिडकोवाला

नमस्कार मंडळी. वय २६, नाशिकला अंबडच्या कंपनीत सीएनसी मशीनवर आहे, शिफ्ट ड्युटी. उजवीकडची खालची अक्कलदाढ वर्षभर छळतेय. मधूनच हिरडी सुजते, तोंड उघडत नाही, गोळ्यांचा कोर्स केला की बसते आणि मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. या वेळी त्रिमूर्ती चौकातल्या डॉक्टरांनी ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, काढायला लावला. त्यात दाढ चक्क आडवी झोपलीय, पुढच्या दाढेला डोकं टेकून. हिरडी कापून थोडं हाड घासावं लागेल, त्यासाठी सर्जन बोलावतो म्हणाले.

आईचं म्हणणं, लवंगेचं तेल लाव, दाढ काढली की नजर कमी होते. पुढच्या महिन्यात पिंपळगावला मामेबहिणीचं लग्न आहे, तिथे सुजलेलं तोंड घेऊन फिरायचं नाही. सुट्टी किती टाकू? दवाखान्यात गाडीवर जाऊन येता येईल का? खायचं काय? आणि मशीनवर बोट कापलं तरी हूं की चूं न करणारा मी सुईला जाम घाबरतो, हेही सांगून टाकतो.

रोडकर

भावा, काही टेन्शन घेऊ नको. माझी दहा मिनिटांत निघाली. दुसऱ्या दिवशी बिटको चौकात उभा राहून वडापाव हाणला. सुट्टीबिट्टी काही लागत नाही.

पंचवटीची मावशी

रोडकर, तुमची वरची होती ना?

रोडकर

हो मावशी, वरची. कसं ओळखलंत?

पंचवटीची मावशी

वडापाववरून.

सिडकोवाल्या, मी डॉक्टर नाही. पंचवटीत एका दाताच्या दवाखान्यात कितीतरी वर्षं असिस्टंट होते, सक्शनची नळी धरून उभी. तेव्हा खुर्चीतलं आणि नंतरचं, दोन्ही जवळून पाहिलंय. वरची सरळ आलेली दाढ आणि खालची आडवी दाढ यांची तुलनाच करू नकोस. वरचं हाड मऊ असतं, दाढ पटकन सुटते. खालचा जबडा टणक. तिथे हिरडी उघडायची, हाड जरा घासायचं, दाढेचे दोन-तीन तुकडे करून एकेक काढायचा, मग टाके. सर्जनचा हात चालता असेल तर अर्धा तास, अवघड असेल तर तास.

सुईचं आधी सांगते. जबड्याच्या मागे इंजेक्शन देतात ते टोचतं, नाही म्हणणार नाही, पण तेवढंच. मग अर्धा ओठ, अर्धी जीभ जड होते. त्यानंतर दाब कळतो, ड्रिलचा आवाज येतो, दाढ फोडताना कानात कडकन वाजतं. पुरुष माणसं त्या आवाजालाच घाबरतात, दुखत काही नसतं. दुखलंच तर डावा हात वर करायचा, डॉक्टर थांबून अजून भूल देतात. उपाशी मात्र जाऊ नकोस. पोळीभाजी खाऊन, दात घासून जा. सकाळपासून काही न खाल्लेले लोकच चक्कर येऊन पडतात. पूर्ण बेशुद्ध करून काढायची असेल तरच उपाशी बोलावतात, आणि ते डॉक्टर आधी बजावून सांगतात.

कुठल्या औषधाची ॲलर्जी, दमा, ॲसिडिटी, शुगर, रक्त पातळ करायची गोळी, यातलं काही असेल तर आधी बोल. रक्ताची गोळी कुणाची असेल तर मनाने बंद करायची नाही. हिरडी आत्ता सुजलेली असेल तर बहुधा आधी सूज उतरवतील, मग दाढ काढतील.

आता माझा मुद्दा. तुला खुर्चीची भीती वाटतेय आणि खुर्ची हा यातला सगळ्यात सोपा भाग. दाढ डॉक्टर काढतो, खड्डा तुला सांभाळायचा असतो. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, आणि सगळं भरून येणं तिच्यावर उभं असतं. गॉज, म्हणजे जाळीदार कापडाची घडी, दाबून ठेव म्हणतील तेवढा वेळ, साधारण पाऊण तास, दाबूनच ठेवायचा. दर पाच मिनिटांनी आरशात जाऊन "थांबलं का" म्हणून काढून बघायचं नाही. पहिला दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. लाळेला लालसर रंग दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो, एवढंसं रक्त लाळेत मिसळून वाटीभर दिसतं. स्ट्रॉ बंद. शहाळं प्यायचं तर ग्लासात ओतून.

आणि तंबाखू, मिश्री, सिगारेट, विडी, सगळं बंद. तुझं काही असेल तर इथे सांगू नकोस, फक्त बंद कर. आमच्याकडे एक ड्रायव्हर आला होता, दाढ काढून जिना उतरला तो खालच्या टपरीवरच थांबला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कान धरून परत. गुठळी निघून गेली होती, खड्ड्यात उघडं हाड दिसत होतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. कानापर्यंत ठणका, तोंडाला घाण वास, नेहमीच्या गोळीने ऐकत नाही. खड्डा धुऊन औषधाची पट्टी भरली की माणूस थोड्या वेळात हसायला लागतो, पण तोवरचे हाल बघवत नाहीत. सगळं नीट पाळूनही काहींना होतं, खालच्या आडव्या दाढेत जास्तच. म्हणून लवंगेचं तेल घरी कापसावर घेऊन आत कोंबू नकोस आणि डॉक्टरांकडे जा. आईला सांग, दाढेचा आणि नजरेचा काही संबंध नाही. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी.

सूज. पहिल्या दिवशी आरशात बघून म्हणशील काहीच नाही, मावशी उगाच घाबरवत होती. खरी सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गालात पेरू धरल्यासारखा दिसशील, तोंड दोन बोटंच उघडेल. त्यात बिघडलं असं काही नाही. पहिले २४ तास रुमालात बर्फ गुंडाळून बाहेरून, पंधरा मिनिटं ठेव, पंधरा मिनिटं काढ. रात्री दोन उशा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाणी तोंडात घेऊन मान हलवायची आणि पाणी आपोआप पडू द्यायचं, खळखळ गुळण्या नकोत. बाकीचे दात घासायचेच. दुखायची पहिली गोळी भूल उतरायच्या आत. दिलेल्या गोळ्यांत मेट्रोनिडाझोल असेल तर तोंड कडवट होईल, आणि त्यावर दारू अजिबात चालत नाही.

गाडीचं. जाताना जा, येताना कुणाला तरी चालवायला दे, तू मागे बस. दुसरं म्हणजे सुजलेल्या गालावरून फुल फेस हेल्मेट जात नाही, हे कुणालाच आधी सुचत नाही.

सुट्टी चार दिवस टाक, नाइटला लागून असेल तर पाच. जड उचलणं, वाकणं आठवडाभर टाळ. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापत असतील तर सातपूरच्या त्यांच्या हॉस्पिटलात आधी चौकशी कर. पैशाची ओढाताण असेल तर पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे, तिथे ओरल सर्जरीचा विभाग आहे. कॉलेज म्हटलं की खर्च कमी आणि वेळ जास्त, हे धरून चाल. लग्न महिन्यावर आहे ना? मग आत्ताच काढ. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नकोस.

कॉलेजरोडची_रमा

मावशींनी खाण्याचं सोडलं, ते मी लिहिते. माझी दोन वर्षांपूर्वी काढली. पहिल्या दिवशी गार दूध, ताक, साधं दही. आइस्क्रीम चालतं, पण सुक्यामेव्याचं नको. भूल उतरेपर्यंत चहा नको, ओठ भाजतो आणि कळतही नाही. दुसऱ्या दिवसापासून मऊ भात-वरण, मुगाचं कढण, कोमट आंबील, रव्याची खीर. उपासाच्या दिवशी काढली तर भगर नको, दाणे थेट खड्ड्यात जातात. तीळ, शेंगदाण्याचं कूट, कोंडाजीचा चिवडा, सगळं दोन आठवडे कपाटात. मिसळीचं तर नावच काढू नकोस. नुसता रस्सा घेईन म्हणशील, पण त्या तिखटाने टाक्यांवर आग होते.

अजून एक विचारून घे. खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाची नस जाते. ओपीजीत मूळ नसेला चिकटलेलं वाटलं तर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, सांगतात, ती तपासणी टाळू नकोस. माझी हनुवटी काही आठवडे बधिर होती, लिपस्टिक लावताना अर्धा ओठ माझा वाटायचाच नाही. हळूहळू मुंग्या येऊन परत आली. बहुतेकांची येते, क्वचित कुणाची राहते, म्हणून संमतीपत्रावर सही करायच्या आधीच डॉक्टरांशी बोल. आणि दुसऱ्या दिवशीही बधिरपणा असेल तर लगेच कळव.

सिडकोवाला

झाली एकदाची! मावशी, कडकन आवाज आला तेव्हा तुमचीच आठवण आली. सुईला डोळे मिटले, बाकी खरंच दुखलं नाही. दाढेचे तुकडे डबीत दिलेत, आईने ती डबी घराबाहेर ठेवायला लावली. तिसऱ्या दिवशी गाल असा आला की शेजारच्या काकांनी "कुणाशी भांडलास" विचारलं. आता सूज उतरतेय, तोंड थोडं जास्त उघडतंय. ओठ शाबूत आहे, रमाताई.

पण एक शंका. टाक्यांच्या मागे खड्ड्यात भाताचं शीत अडकलंय आणि कडेला पांढरट दिसतंय. पू आहे का? काडीने काढू का? आणि डावीकडचीही काढायला सांगितलीय.

पंचवटीची मावशी

काडी खाली ठेव आधी!

ठणका वाढत नाही, ताप नाही, सूज उतरतेय, मग ते पांढरट बहुधा जखम भरतानाचं आवरण आहे. ते खरवडायचं नाही. शीत मीठपाण्याने निघेल. नाही निघालं तर टाके काढायला जाशील तेव्हा ते पिचकारीने धुऊन देतील आणि तुलाही शिकवतील. बिनसुईच्या सिरिंजने जेवल्यावर कोमट पाणी मारायचं, पण त्यांनी सुरू कर म्हटल्यावरच. खड्डा वरून बुजायला काही आठवडे लागतात, आतलं हाड भरायला काही महिने.

उतरलेली सूज पुन्हा चढली, ताप आला, पू आला किंवा रक्त दाबूनही थांबेना, तर सकाळची वाट न बघता फोन कर. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला तर फोनही नको, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा.

डावीकडची लग्नानंतर. ती दुखत नसेल तर का काढायची ते डॉक्टरांना विचार. पुढच्या दाढेला कीड लागतेय, हिरडी सुजते, असं कारण असेल तर काढ. तेव्हा त्याच बाजूची वरचीही काढायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी उरकून घे, म्हणजे सुट्टी एकदाच जाते आणि चावायला उजवी बाजू राहते.