दुर्गाबाईंची हौस नव्हती हो!

'अभिनेत्री दुर्गा खोटे खानदानी घरातल्या, हौसेखातर सिनेमात आल्या,' असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. त्यांचं आत्मचरित्र वाचा. सासरची श्रीमंती बुडाली, पदरी दोन मुलगे. आधी त्यांनी शिकवण्या केल्या, मग 1931 मध्ये एका चित्रपटात छोटंसं काम. त्यावरून टीकेची झोड उठली (बुडत्या घराला हात द्यायला मात्र कोणी आलं नव्हतं!). तरी 1932 मध्ये 'प्रभात' फिल्म कंपनीच्या 'अयोध्येचा राजा' या चित्रपटात तारामती झाल्याच. नवरा तरुणपणीच गेला, पुढे घर त्यांच्याच मिळकतीवर. मला यातली शिक्षणाची बाजू जास्त भिडते. कॉलेजात शिकलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलगी, आणि वेळ आली तेव्हा शिक्षणापेक्षा चेहराच उपयोगी पडला. त्यांना मिळालेल्या दादासाहेब फाळके पुरस्काराबद्दल सगळे बोलतात, त्या शिकवण्यांबद्दल कोणीच नाही.