‘नजर चोरणे’ : आरोप नसलेला शब्द हवा आहे

मेघना_र :
पालकांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं मराठी करते आहे. विषय ऑटिझम. मूळ मजकुरात ‘आय कॉन्टॅक्ट टाळणे’ हे जवळपास दर दुसऱ्या पानावर येतं. मी सरळ ‘नजर चोरतात’ लिहून मोकळी झाले होते. कच्चा मजकूर वाचून बघायला एका तरुणाकडे गेला, तो स्वतः ऑटिस्टिक आहे. बाकी पानांवर त्याने बारीक बारीक दुरुस्त्या केल्या होत्या. या ओळीशेजारी पेन्सिलने तीनच शब्द होते : ‘मी काय चोरलं?’

तेव्हापासून हा शब्द मला लिहवत नाही. ‘नजर चुकवणे’ करून पाहिलं, पण नजर चुकवतो तो देणं थकवलेला माणूस. ‘नजरेला नजर देत नाही’ म्हटलं तर मनात खोट आहे असं वाटतं. ‘नेत्रसंपर्क’ हे कोणी बोलत नाही. माणूस समोरच्याच्या डोळ्यांत बघत नाही, एवढंच आणि इतकंच सांगणारा शब्द आपल्याकडे नाही का? सुचवा.

निशिकांत :
छान प्रश्न. आणि उत्तर अवघड आहे, कारण मराठीत नजर म्हणजे अख्खं न्यायालय आहे. भिडवली तर आव्हान, झुकवली तर शरम, चोरली तर अपराध, फिरवली तर संबंध तुटले, लागली तर दृष्ट. नुसती असणारी नजर कुठे आहे? पुन्हा एकाच मुलाला आपण सकाळी ‘डोळे वर करून बोलू नकोस’ म्हणतो आणि संध्याकाळी ‘माझ्याकडे बघून बोल’ म्हणतो. साध्या मुलाचीही पंचाईत होते.

माझ्या मते ‘डोळ्यांत बघत नाहीत’ एवढं साधं लिहा. शब्द नको, वाक्य पुरे.

मृदुला :
निशिकांतदादा, ‘बघत नाहीत’ला माझी हरकत आहे. माझा मुलगा ११ वर्षांचा आहे. तो सगळं बघतो. समोरून बघत नाही, कडेने बघतो. मी नवीन कानातलं घातलं तर घरात सगळ्यांत आधी त्याच्या लक्षात येतं आणि मान वळलेलीही नसते. ‘बघत नाही’ असं छापलं की लोक पुढचं आपोआप जोडतात : बघत नाही म्हणजे कळत नाही, कळत नाही म्हणजे वाटत नाही.

प्रकृतिप्रत्यय :
मूळ प्रश्नाआधी एक. तुम्ही सगळेच ‘ऑटिझम’ का लिहिता? ‘स्वमग्नता’ हा रुळलेला आणि नेमका शब्द आहे. ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने त्यावरून शब्द घडवला, १९११च्या त्याच्या ग्रंथात तो सविस्तर आला. आपण स्व + मग्न केलं. ‘मग्न’ हे ‘मस्ज्’ म्हणजे बुडणे या धातूचं रूप. जलमग्न, ध्यानमग्न, कार्यमग्न. हिंदीतल्या ‘स्वलीनता’पेक्षा कितीतरी चित्रमय. घरचा इतका चांगला शब्द असताना उसना कशाला?

काठावरून :
मी ऑटिस्टिक आहे. निदान ३४व्या वर्षी झालं. शब्दांची आवड आधीपासून, म्हणून इथे येतो. आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

स्वमग्न हा शब्द चित्रमय आहे हे खरं. चित्रच चुकीचं आहे. एका खोलीत चार जण बोलत असले की मला चारही बोलणी सारख्याच आवाजात ऐकू येतात. त्यात पंख्याची खटखट, शेजारच्याचं पेनाचं टोपण, ट्यूबचं गुणगुणणं. माझ्याशी बोलणाऱ्याचं वाक्य मला त्यातून वेचून काढावं लागतं. त्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचा चेहराही बोलायला लागतो आणि वाक्य हातून सुटतं. म्हणून मी टेबलाच्या कडेकडे बघतो. त्या वेळी मी जितका कान देऊन ऐकत असतो तितका एरवी कधीच नसतो. मी बुडतो हे खरं, पण स्वतःत नाही, बाहेरच्या गलक्यात.

आणि ब्लॉयलरचा दाखला दिलात म्हणून सांगतो. त्याने तो शब्द स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी केला होता, वास्तवाकडे पाठ फिरवून आतल्या जगात जाणाऱ्यांसाठी. १९४३ साली कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने ११ मुलांचं वर्णन करताना तो उचलला. बाहेरून बघणाऱ्याला पाठ दिसली, म्हणून ‘पाठ फिरवली’ असं नाव पडलं. आवाज, उजेड, स्पर्श जास्त किंवा कमी जाणवणं हे निदानाच्या अमेरिकी निकषांत स्पष्टपणे आलं ते २०१३ साली. नाव ठेवल्यावर इतक्या वर्षांनी.

प्रकृतिप्रत्यय :
आपण लिहिलंत याचा आनंद आहे. पण मग ‘ऑटिझम’मध्येही तोच ‘स्व’ आहे. ग्रीकमध्ये लपवला म्हणून गेला का?

काठावरून :
गेला नाही, पण मराठी कानाला तो ऐकू येत नाही. माझ्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

प्रकृतिप्रत्यय :
हाच मला खरा अन्याय वाटतो. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी ‘ऑटिझम’ म्हणजे नुसता आवाज. ‘स्वमग्न’ ऐकून त्याला काहीतरी अर्थ लागतो.

मृदुला :
लागतो ना, आणि तोच नडतो. माझ्या सासूबाईंना मी पहिल्यांदा ‘स्वमग्न’ असंच सांगितलं होतं. त्या फार मायाळू आहेत. त्यांना वाटलं, ध्यान लागल्यासारखं असेल, हलवून बाहेर काढायचं. मग महिनाभर त्या त्याचे खांदे धरून, हनुवटी वर करून ‘इकडे बघ राजा’ करायच्या. तो किंचाळायचा. त्यांना वाटायचं, जागा होतोय. दोघांचेही हाल झाले. ‘ऑटिझम’ म्हटलं असतं तर त्यांनी निदान विचारलं असतं, म्हणजे काय गं?

वैखरी :
स्पीच थेरपिस्ट आहे, म्हणून नामापेक्षा क्रियापदाकडे लक्ष वेधते. आमच्याकडे येणारे दहातले आठ पालक विचारतात, ‘याला ऑटिझम कशामुळे झाला?’ आपण ताप ‘आला’, कावीळ ‘झाली’ म्हणतो. ‘झाला’ म्हटलं की आधी नव्हता असं ठरतं आणि मग कोणी केला याचा शोध सुरू होतो.

एके काळी बोट आईकडे होतं. खुद्द कॅनरनेही १९४९मध्ये पालकांच्या थंडपणाबद्दल लिहिलं आणि पुढे बेटलहाइम या लेखकाने ती कल्पना इतकी पसरवली की एका पिढीतल्या आयांनी स्वतःला दोषी मानलं. १९७७मध्ये फोल्स्टीन आणि रटर या संशोधकांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघांनाही ऑटिझम, वेगळ्या जुळ्यांच्या १० जोड्यांत एकीतही नाही. आनुवंशिकतेकडे तिथून नीट लक्ष गेलं. मग बोट लशीकडे वळलं. लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा १९९८चा १२ मुलांवरचा निबंध छापणाऱ्या नियतकालिकानेच २०१०मध्ये मागे घेतला, २०१९मध्ये डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची नोंद तपासून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध नाही हे पुन्हा दिसलं. तरी ‘झाला’ हे क्रियापद आहे तिथेच आहे. मी आता पालकांशी बोलताना आग्रहाने ‘आहे’ म्हणते. त्याला ऑटिझम आहे. पहिल्यापासून आहे.

निशिकांत :
वैखरीताई, हे फार पटलं. याच माळेतला ‘ग्रस्त’. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे, ग्रहण लागलेल्या चंद्राला ग्रस्त म्हणतात. ‘ऑटिझमग्रस्त मुलगा’ म्हणजे मुलगा उरलाच नाही, गिळला. वर्तमानपत्रांत सर्रास येतं.

काठावरून :
आणि ‘पीडित’. मला पीडा होते ती बहुतेक वेळा भगभगीत दिव्यांची.

मी ‘ऑटिझम असलेली व्यक्ती’ असंही म्हणवून घेत नाही, अर्थात ज्यांना ते बरं वाटतं त्यांनी जरूर म्हणावं. १९९३मध्ये जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांना उद्देशून लिहिलं होतं की ऑटिझम हे कवच नव्हे, आत वेगळं सामान्य मूल अडकून बसलेलं नाही. मला तसंच वाटतं. आपल्याकडे एक शब्द आहे, डावखुरा. कोणी ‘डावखुरेपणाने ग्रस्त’ म्हणत नाही, ‘डावखुरेपणासह जगणारी व्यक्ती’ही म्हणत नाही. पूर्वी मात्र डाव्या हातावर छड्या बसायच्या. ‘तो डावखुरा आहे’, ‘तो ऑटिस्टिक आहे’. माझ्या कानाला ही दोन्ही वाक्यं एका जातीची वाटतात.

प्रकृतिप्रत्यय :
डावखुऱ्याला फारशी मदत लागत नाही. ज्या मुलाला बोलता येत नाही, जेवता येत नाही, त्याच्या पालकांना ही तुलना हलकी वाटेल. ते म्हणणार नाहीत, म्हणून मी म्हणतो.

मृदुला :
मी त्यातलीच आहे, माझा मुलगा फार थोडं बोलतो आणि रात्री त्याला एकटं सोडता येत नाही. मला तुलना हलकी वाटली नाही. अपुरी वाटली, एवढंच. त्याला मदत खूप लागते हेही खरं आणि तो असाच आहे हेही खरं. दोन्ही एका शब्दात बसत नसेल तर दोन वाक्यं लिहू.

बोलण्यावरून आठवलं. शाळेतून एकदा लेखी शेरा आला होता : ‘पोपटपंची करतो.’ तो ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी म्हणतो. आमच्या लिफ्टमध्ये बाईंचा आवाज येतो, ‘दरवाजा बंद होत आहे.’ तो हे वाक्य घरी, दवाखान्यात, कुठेही म्हणायचा. पाहुणे हसायचे. मी वर्षभराने नोंद ठेवायला लागले तेव्हा कळलं, तो ते म्हणतो तेव्हा दर वेळी आवाज वाढलेला असतो. लिफ्टचं दार बंद झालं की बाहेरचा गोंगाट थांबतो ना. ‘इथून चला’ हे तो त्या बाईंच्या शब्दांत सांगत होता. आता त्याने ते म्हटलं की आम्ही उठतो. याला पोपटपंची म्हणायचं का, हे तुम्ही शब्दवाले सांगा.

वैखरी :
नाही म्हणायचं. आमच्या क्षेत्रात ‘एकोलालिया’ म्हणतात. मराठीत मी ‘पडसाद’ वापरते, पण त्यातही पोकळपणा आहे, दरीला काही म्हणायचं नसतं. कोणाकडे काही आहे का?

निशिकांत :
‘री ओढणे’? त्यात होयबाची छटा आहे, पण मूळ अर्थ गाणाऱ्यामागे सूर धरणं. मृदुलाताईंचा मुलगा त्या लिफ्टमधल्या बाईंची री ओढतो आणि स्वतःचं गाणं म्हणतो.

मृदुला :
हे मी वहीत लिहून ठेवते.

काठावरून :
‘स्टिमिंग’ला मात्र मराठीत आधीच उत्तम शब्द आहे, बाहेरून काही आणायला नको. चाळा. हाताला चाळा असणे. मी रुमालाची शिवण अंगठ्याने मागेपुढे करतो, त्यावर माझं सगळं लक्ष तोललेलं असतं. पण एकवचन सोडू नका. ‘चाळा’ निरुपद्रवी, ‘चाळे’ म्हटलं की लगेच वाह्यातपणा. शाळेत बाई म्हणाल्या, ‘काय चाळे चाललेत?’ आणि दोन्ही हात मांडीखाली ठेवायला लावले. तास संपला तेव्हा त्या काय शिकवत होत्या हे मला एका शब्दानेही सांगता आलं नाही. हात मोकळे होते तेव्हा सगळं आठवायचं.

प्रकृतिप्रत्यय :
‘चाळा’ हा ‘चळणे’, ‘चाळवणे’ यांच्याच कुळातला दिसतो, संस्कृत ‘चल्’. हलणं, बस्स. तुमचं म्हणणं व्युत्पत्तीलाही धरून आहे. या शब्दापुरता मी तुमच्या बाजूचा.

‘स्वमग्न’बाबत मात्र नाही. आज तुम्ही तो टाकाल, उद्या ‘ऑटिस्टिक’ ही शिवी होईल. ‘मतिमंद’ हाही कुणीतरी आदर राखायला आणलेलाच शब्द होता. दोष शब्दाचा नसतो, बोलणाऱ्याचा असतो.

काठावरून :
होईलही. तेव्हा तोही बदलू. पण ज्याच्यासाठी शब्द आहे त्याला एकदा विचारून बदलू.

मेघना_र :
चर्चा वाचून मी ‘ग्रस्त’ आठ ठिकाणी आणि ‘झाला’ पाच ठिकाणी काढलं. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे! लक्षणांचा तक्ता आहे, रकान्यात दोन-तीन शब्दांपुरतीच जागा आहे. मजकूर उद्या संध्याकाळी छपाईला जाणार. ‘नजर टाळणे’ करू का?

वैखरी :
‘टाळणे’त हेतू आला. काहींच्या बाबतीत हेतू असतो, त्रास होतो म्हणून टाळतात. काहींना तसं बघायचं असतं हेच मुळात सुचत नाही. दोघांना एक शब्द लावला तर पुन्हा एकावर आरोप.

काठावरून :
‘ऐकताना नजर दुसरीकडे’. तीन शब्द आहेत.

प्रकृतिप्रत्यय :
क्रियापद नाही. तक्त्यात चालेल, परिच्छेदात लटकेल.

निशिकांत :
थोडं अवांतर. ‘कानाडोळा’ हा शब्द आठवला. मला लहानपणापासून वाटायचं की तो कान आणि डोळा मिळून झालाय, डोळ्याचं काम कानावर सोपवणं. आज त्याचा अर्थ दुर्लक्ष आहे, पण मूळ असं असेल तर तो याच माणसांचा शब्द आहे.

प्रकृतिप्रत्यय :
नाही हो. ‘काणा डोळा’, तिरळा किंवा एकाक्ष. पाहूनही न पाहिल्यासारखं करणं. ‘ण’ चा ‘न’ झाला.

मृदुला :
तिरप्या नजरेने बघणं म्हणजे दुर्लक्ष, असं त्या शब्दातच बसलंय तर. माझा मुलगा तिरपंच बघतो आणि त्याचं लक्ष असतं.

काठावरून :
मला निशिकांत यांची व्युत्पत्ती हवी आहे.

प्रकृतिप्रत्यय :
हवी असून चालत नाही, पुरावा लागतो. मोल्सवर्थचा शब्दकोश उघडून बघतो, ‘ण’ने आहे की ‘न’ने.

मेघना_र :
बघा. तोवर तो रकाना मी कोरा ठेवते.