कापशी घार: ओळख आणि फोटो

खाडीकाठ: भांडुप पंपिंग स्टेशनकडे तारेवर बसलेला पांढुरका, कावळ्याएवढा शिकारी पक्षी कापशीच ना? ४०० मिमी लेन्स आहे. आकाशावर फोटो काळा येतो, खारफुटीवर पिसं पांढरीफटक.

पाणथळ: लाल डोळा, खांद्यावर काळा पट्टा, आखूड शेपटी असेल तर कापशीच. शहरभर फिरणाऱ्या काळ्या घारीची शेपटी लांब, दुभंगलेली. ब्राह्मणी घारीचं डोकं पांढरं, पण पाठ विटकरी. डोक्यावर तपकिरी झाक आणि पाठीवर पिसांना फिक्या कडा दिसल्या तर पिल्लू समजा.

फोटोचा घोळ कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरमुळे. मीटर सगळं करडं करायला बघतो. उजळ आकाशावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) +१ द्या, गर्द खारफुटीवर −२/३. रॉ मध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल) काढा; तरी पिसांतला तपशील एकदा जळला, म्हणजे पांढराफटक झाला, की परत येत नाही.

रानवारा: शिकारीआधी ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते. तीच संधी! शटर १/२००० सेकंद, सलग फोकस, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. अशा वेळी तिचं तोंड बहुतेकदा वाऱ्याकडे असतं, म्हणून वारा आणि सूर्य दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी जागा धरा. नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि महागडी लेन्ससुद्धा मऊ चित्र देते, तेव्हा उजाडताच पोहोचा.

पाणथळ: गाडीतूनच टिपा, उतरलात की उडते. चोचीत काड्या दिसल्या तर घरटं जवळ आहे, लगेच मागे फिरा. आणि घरट्याची जागा कुठेही टाकू नका, कृपया.