अठरा पूर्ण होईपर्यंत मुलांना देवाचं नावच सांगायचं नाही?

ओटीवरची:
सकाळपासून एक पोस्ट फिरतेय. आईबापांनी मुलांना देवधर्म अजिबात शिकवू नये, पाटी कोरी ठेवावी, अठरा पूर्ण झाली की मतदानासारखा धर्मही मूल स्वतः निवडेल. लिहिणाऱ्याने घरात लहान मूल सांभाळलंय का कधी? मातृभाषा देताना विचारतो का आपण बाळाला? माझी मुलगी चार वर्षांची आहे. सातला आजी दिवा लावते, ही शेजारी बसून शुभंकरोति म्हणते, 'शत्रुबुद्धिविनाशाय'ला रोज अडखळते आणि आजी रोज तिच्यासाठी थांबते. तेवढा वेळ घरात टीव्ही बंद, फोन बाजूला. याला ब्रेनवॉशिंग म्हणायचं? मोठी झाल्यावर नको वाटलं तर सोडेल की, मी नाही का उपास सोडले. पण सोडायला आधी हातात काहीतरी असावं लागतं.

दोन लेकरांचा बाप:
ताई, दिव्यापाशी बसण्याला कुणाचाच विरोध नाही, दिव्यानंतर जे येतं त्याचं बोला. गेल्या उन्हाळ्यात मुलाची मुंज केली, आठवं लागलं म्हणून, आईवडिलांच्या आग्रहापुढे माझं काही चाललं नाही. मातृभोजनाला बायको त्याला घास भरवत होती, भोवती अष्टवर्गाचे, म्हणजे पंगतीला बोलावलेले मुंज झालेले बटू, आणि माझी दहा वर्षांची लेक हॉलच्या खांबाला टेकून बघत होती. "बाबा, माझी कधी?" गुरुजींनीच उत्तर दिलं, मुलींचं लग्न हीच त्यांची मुंज. ती रडली नाही, पण त्या दिवशी जेवलीही नाही. धर्माने माझ्या लेकीला शिकवलेला पहिला धडा हा.

चिंचवडकर:
हा दोष धर्माचा नाही, तुमचा आहे, स्पष्ट बोलतो. पुण्यात ज्ञानप्रबोधिनी मुलींच्या मुंजी कित्येक वर्षं लावतेय, बायका पौरोहित्य करतात तिथे. चौकशी का नाही केली? आणि पालकांचा हक्क संविधानालाही मान्य आहे, कलम 28 वाचा, सरकारमान्य शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं तर अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. शिवाय रामरक्षा पाठ असलेल्या मुलांचे उच्चार बघा आणि बाकीच्यांचे बघा.

दोन लेकरांचा बाप:
उच्चारांसाठी बालभारतीची कविता मोठ्याने वाचली तरी चालते. चौकशी केली नाही हे मात्र खरं आहे, ते मला लागलंय. पण वडिलांनी मुलीची मुंज घरात होऊ दिली असती का, हे तुम्ही चिंचवडला बसून ठरवू नका.

नागपूरकर:
एवढा वेळ मुंज मुंज चाललंय. ज्यांना मुंजीचा अधिकारच नव्हता त्यांची पोरंही हे वाचताहेत, याचं भान ठेवा. माझे आजोबा 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होते. 22 प्रतिज्ञा त्यांनी घेतल्या, माझ्या वडिलांना धम्म जन्मापासून मिळाला. माझा सहा वर्षांचा मुलगा रविवारी विहारात त्रिशरण-पंचशील म्हणतो आणि तो म्हणणारच. शाळेत पहिल्याच आठवड्यात त्याला पूर्ण आडनाव विचारलं होतं, डबा उघडायच्या आधी. मी पाटी कोरी ठेवली तर त्यावर दुसरं कुणीतरी लिहून जाईल. कोऱ्या पाटीच्या गप्पा ज्यांना कुणी आडनाव विचारत नाही त्यांना परवडतात.

चिंचवडकर:
मग मूळ पोस्टचंच बरोबर ठरलं ना? बाबासाहेबांनी 1935 ला येवल्याला धर्मांतर जाहीर केलं आणि दीक्षा घेतली 1956 ला. 21 वर्षं विचार केला. तुमच्या मुलाने किती केला?

नागपूरकर:
माझ्या मुलाचा विचार काढायचं काम नाही. तो 21 वर्षांचा विचार त्याला वारसा म्हणून मिळालाय, तो मी त्याच्यापासून लपवून ठेवू? आणि तुम्ही कालपर्यंत रामरक्षा पाठ करून घेत होता, आज एकदम कोऱ्या पाटीचे झालात. एक मात्र मानतो. परंपरेने आलं म्हणून धरू नका, स्वतः पारखा, हे कालाम नावाच्या लोकांना बुद्धांनीच सांगितलंय. तेही त्याला सांगेन, त्याच विहारात बसून सांगेन.

रत्नागिरीवाला:
पाठांतरावरून बोलतो. आमच्याकडे फजरनंतर, म्हणजे पहाटेच्या नमाजनंतर मदरसा, मग शाळा. आधी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, मग कुराण, दहाव्या वर्षी माझं नाझिरा, म्हणजे अख्खं कुराण बघून वाचणं, पुरं झालं, आईने मोहल्ल्यात पेढे वाटले. अर्थ एका ओळीचा ठाऊक नव्हता. पस्तिशीला आल्यावर मराठी तर्जुमा हातात घेतला आणि रडायला आलं, इतकी वर्षं तोंडात होतं आणि कुणी सांगितलंच नाही आत काय आहे. मुलाला मी पाठवतोच मदरशात, आईची ती सकाळ मला त्याला द्यायचीय, पण रात्री झोपताना जे वाचलं त्याचा अर्थ सांगतो. तो उलटे प्रश्न विचारतो, कधी कधी मला उत्तर येत नाही, तेव्हा नाही येत म्हणून सांगतो. उस्तादांना विचारलेलं चालत नाही, माझ्याकडे चालतं.

ओटीवरची:
भाऊ, तुमचं वाचून मुलीला विचारलं, शत्रुबुद्धी म्हणजे काय गं. म्हणाली, "शत्रू हुशार असतो ते." आजीही गप्प झाली, कारण तिलाही कधी कुणी सांगितलं नव्हतं. उद्यापासून अर्थ सांगून म्हणणार. पण दिवा लावणार, त्यावर मी हलणार नाही.

दोन लेकरांचा बाप:
चिंचवडकर, तुमच्या सांगण्यावरून लेकीला विचारलं, लावायची का तुझी मुंज. म्हणाली, "आता नको. तेव्हा हवी होती."