‘ग्रॅड फिल्टर अडगळीत टाका’ म्हणणाऱ्यांसाठी : सह्याद्रीत आणि किनाऱ्यावर कोणता घ्यावा, की घेऊच नये?

कातळकडा (धागाकर्ता)

परवा एका छायाचित्रण-गटावर कोणीतरी ठासून लिहिले की, ‘कॅमेऱ्यात चौदा स्टॉपची डायनॅमिक रेंज असताना ग्रॅज्युएटेड एनडी फिल्टर घेणे म्हणजे दारात ट्रॅक्टर असताना बैलजोडी विकत घेणे होय, रॉ काढा, सावल्या उचला आणि मोकळे व्हा.’ खाली अंगठ्यांची रांग लागली होती. (नवख्यांसाठी : हा फिल्टर, म्हणजेच ग्रॅड, वर गडद आणि खाली पारदर्शक असतो, त्यामुळे उजळ आकाश तेवढे दबते. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, डायनॅमिक रेंज म्हणजे कॅमेरा एकाच फोटोत टिपू शकतो तो सर्वांत गडद ते सर्वांत उजळ असा पल्ला, आणि रॉ म्हणजे सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाईल.) मला बैलजोडीचा दाखला आवडला, कारण चिखलात ट्रॅक्टर रुतल्यावर कोणाला बोलावतात हे लिहिणाऱ्याने पाहिलेले दिसत नाही.

सूर्य पाण्याला टेकत असताना आकाश आणि पायाजवळचा ओला खडक यांच्यात चार-पाच स्टॉपचा फरक सहज पडतो. आकाश सांभाळायचे म्हणून चार स्टॉप कमी एक्सपोजर दिले, तर खडकाला सोळावा हिस्सा प्रकाश मिळतो आणि तेथील सिग्नल व नॉइज (चित्रातले दाणे) यांचे गुणोत्तर चौथ्या हिश्शावर येते. संगणकावर तो खडक उजळता येतो, पण सेन्सरवर जो प्रकाश पडलाच नाही तो कोठून आणणार? मोबाइलच्या पडद्यावर हे कळत नाही, भिंतीवर लावायची मोठी प्रिंट काढली की कळते.

माझे मत स्पष्ट आहे. १०० मिमीचा होल्डर (लेन्ससमोर फिल्टर धरणारी खाचेची चौकट) आणि ०.९ चा, म्हणजे तीन स्टॉपचा, सॉफ्ट ग्रॅड एवढे घ्यावे. सॉफ्टमध्ये गडद भाग हळूहळू विरत जातो, हार्डमध्ये एकदम संपतो. आकाशाचे आणि जमिनीचे स्पॉट मीटरिंग (छोट्याशा भागापुरते प्रकाशमापन) वेगवेगळे घ्यावे, आणि फरक चार स्टॉपचा आला तरी तीनचाच फिल्टर लावावा, कारण आकाश जमिनीपेक्षा थोडे उजळ राहिले तरच ते आकाश वाटते. लेन्सवर फिरवून बसवायचा गोल ग्रॅड मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नये. त्याची रेषा कायम मधोमध असते आणि क्षितिज मधोमध ठेवण्याची सक्ती आपल्यावर होते.

कच्ची फाईल

ती पोस्ट माझी नाही, पण अंगठा माझा होता, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

आपण आकडे समुद्राचे दिलेत आणि शीर्षकात सह्याद्री घातलात, ही चलाखी आहे. सह्याद्रीत सरळ क्षितिज असते कोठे? मी नाणेघाटाच्या पठारावरून जीवधन आणि वानरलिंगी सुळका यांचे फोटो तीन वेळा काढले आहेत. पहिल्या वेळी आपल्यासारख्याच एका अनुभवी गृहस्थांच्या सल्ल्यावरून ग्रॅड लावला होता. पठार छान आले, आकाश छान आले आणि सुळक्याचा वरचा भाग कोणीतरी डांबरात बुडवून काढल्यासारखा आला. सूर्य माझ्या पाठीशी होता, सुळक्यावर कोवळे ऊन होते आणि फिल्टरने नेमके तेच खाल्ले. पुढच्या दोन वेळा ट्रायपॉडवर तीन ब्रॅकेट, म्हणजे एकाच दृश्याच्या कमी-जास्त एक्सपोजरच्या तीन फ्रेम, घेतले, घरी येऊन संगणकावर मास्क लावून (प्रत्येक फ्रेमचा हवा तेवढाच भाग उघडा ठेवून) जोडले, आणि सुळका पायथ्यापासून माथ्यापर्यंत उन्हात उभा राहिला. शिवाय खडकासाठी वेगळी फ्रेम घेतलेली असल्यामुळे आपल्या त्या सोळाव्या हिश्शाचा प्रश्नच उरत नाही.

कातळकडा

सूर्य पाठीशी असताना ग्रॅड लावायला सांगणाऱ्या गृहस्थांचा राग माझ्यावर काढू नये. त्या वेळी आकाश आणि जमीन यांच्यात फरकच एक-दीड स्टॉपचा असतो. सूर्य सुळक्याच्या आड असेल तर तो तसाही काळा दिसणार आणि काळाच चांगला दिसणार.

भरतीची वेळ

मी रत्नागिरीची असल्यामुळे डोंगरवाल्यांच्या भांडणात पडणार नव्हते. परंतु दोघेही किनाऱ्याबद्दल अर्धवट लिहीत आहेत, म्हणून राहवले नाही.

आरे-वारेला किंवा हरिहरेश्वरच्या खडकांवर सूर्यास्ताला सर्वांत उजळ जागा आकाशाच्या माथ्याशी नसून क्षितिजाच्या रेषेवर असते. साधा ग्रॅड, मग तो सॉफ्ट असो वा हार्ड, वरच्या टोकाला सर्वांत गडद असतो. परिणामी वरचे ढग विनाकारण काळवंडतात आणि सूर्याच्या आसपासचा पट्टा पांढराफटक राहतो. सॉफ्ट असेल तर आणखी वाईट, कारण रेषेवर त्याचा निम्माच जोर पोहोचतो. किनाऱ्यासाठी रिव्हर्स ग्रॅड लागतो. तो मध्यरेषेवर सर्वांत गडद असून वर जाताना हलका होत जातो. ‘एक सॉफ्ट घ्या’ हा सल्ला समुद्रावर लागू नाही.

ब्रॅकेटवाल्यांसाठी एवढेच, की लाट तीन फ्रेमना थांबत नाही.

कच्ची फाईल

ताई, लाट थांबावी लागत नाही. पाण्याचा सगळा भाग एकाच फ्रेममधून घ्यायचा असतो आणि आकाश दुसरीतून. जोड येतो तो क्षितिजावर, आणि तेथे लाट नसते. हे दोन मिनिटांचे काम आहे.

भरतीची वेळ

हे मला मान्य करावे लागेल, कारण मीही अधूनमधून तसेच करते. परंतु सूर्य बुडाल्यानंतर दोन-दोन मिनिटांचे एक्सपोजर चालू असताना हा उपाय सांगून पाहावा. पहिली फ्रेम संपते, कॅमेरा तेवढाच वेळ नॉइज रिडक्शनला घेतो, आणि दुसरी सुरू होईपर्यंत ढगांचा केशरी रंग राखाडी झालेला असतो. मग जोडणार काय, एका संध्याकाळचे आकाश आणि वेगळ्याच प्रकाशातले पाणी?

कच्ची फाईल

नॉइज रिडक्शन बंद करता येते, एवढे सांगून थांबतो. ढगांचे मान्य.

जुनी रीळ

तुम्हा मंडळींचे चौदा स्टॉप वाचून हसू आले. आम्ही व्हेल्व्हिया नावाच्या रंगीत फिल्मवर स्लाइड काढत होतो तेव्हा कशीबशी पाच स्टॉपची रेंज मिळे, आणि चुकलेले एक्सपोजर उचलायला संगणक नव्हता. अमेरिकी निसर्गछायाचित्रकार गॅलन रॉवेल यांनी सिंग-रे या फिल्टर कंपनीकडून स्वतःच्या गरजेनुसार ग्रॅड तयार करून घेतले ते हौसेखातर नव्हे. त्या फिल्मवर दुसरा इलाजच नव्हता.

माझी तक्रार वेगळीच आहे. आजकाल स्पर्धांमधली निम्मी आकाशे जांभळी दिसतात. स्वस्त रेझिनचा (एक प्रकारच्या प्लास्टिकचा) फिल्टर नावाला न्यूट्रल असतो, प्रत्यक्षात किरमिजी झाक सोडतो, आणि दोन फिल्टर एकावर एक लावले की झाकही दुप्पट होते. ती झाक केवळ वरच्या अर्ध्या भागात असल्यामुळे व्हाइट बॅलन्स (सगळ्या फोटोचा रंगतोल) हलवून जात नाही. आकाश सुधारले की गवत हिरवट होते. परीक्षक त्यालाच ‘नाट्यमय’ म्हणून बक्षीस देतात.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये लेन्स पूर्ण उघडी असते. एफ/४ वर पाहून रेषा बसवली आणि फोटो एफ/१६ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र बारीक करून, काढला, तर सॉफ्ट वाटलेली रेषा अंगावर येते. डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचे बटण (ते छिद्र आधीच बारीक करून दाखवणारे) दाबून मगच फिल्टर सरकवावा.

कच्ची फाईल

म्हणजे आधी ग्रॅड लावायचा आणि मग त्याचा रंग काढण्यासाठी संगणकातला ग्रॅड लावायचा. धन्यवाद काका, माझे काम आपणच केलेत.

जुनी रीळ

मला काका म्हणण्याचे कारण नाही. मी स्वस्त रेझिनबद्दल लिहिले आहे. चांगल्या काचेत ही झाक नगण्य असते, म्हणून घ्यायचा तर काचेचाच घ्यावा.

कातळकडा

येथे मात्र मी मूळ प्रतिपक्षापेक्षा आपल्याशी अधिक असहमत आहे. काचेचा ग्रॅड मी घेतला होता. त्याची किंमत माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या घरभाड्याइतकी होती. जूनमध्ये हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या काठावर पालथे पडून होल्डरमध्ये तो सरकवत होतो. बोटे पावसाने बधिर झालेली, खाच ओली, आणि खालून येणारा वारा असा की डोळे उघडे ठेवणे कठीण. कोकणकड्यावरून टोपी टाकली तर वारा ती परत वर आणतो, असे लहानपणापासून ऐकून होतो. काच परत आली नाही. तेव्हापासून रेझिन वापरतो. ते पडते, उचलतो, पुसतो आणि पुन्हा लावतो.

भरतीची वेळ

पुसतो! कशाने पुसता, ते सांगा. गेल्या वर्षी खाऱ्या तुषारांनी भरलेला माझा रेझिनचा ग्रॅड भावाने मदत म्हणून पंच्याने पुसून दिला. पंच्यात वाळू होती. घरी पाहते तर सूर्य ज्या फ्रेममध्ये होता त्या प्रत्येक फ्रेममध्ये उजवीकडून डावीकडे पांढऱ्या रेघांचे जाळे पसरलेले. कोटिंग असलेल्या काचेवरून पाणी ओघळून जाते, आणि मीठ गोड्या पाण्याने धुता येते. समुद्रावर रेझिन हा एका मोसमाचा माल आहे.

कातळकडा

आपल्या भावाच्या पंच्याची जबाबदारी रेझिनवर टाकणे योग्य नाही.

भरतीची वेळ

मग आपल्या बधिर बोटांची काचेवर का टाकता?

जुनी रीळ

त्या ओल्या खाचेबद्दल कोणी विचार केला आहे का? होल्डर न वापरताच आम्ही फिल्टर थेट लेन्सला टेकवून बोटांनी धरत असू. सेकंदभराच्या एक्सपोजरमध्ये तो मिलिमीटरभर वर-खाली हलवला की रेषा आपोआप विरघळत असे, आणि काच हातातून सुटायची असेल तर निदान आधी कळत असे.

कच्ची फाईल

मी शांतपणे नोंद करतो की, माझे मास्क आजवर कोकणकड्यावरून पडलेले नाहीत, त्यांच्यावर मीठ साचलेले नाही आणि कोणाच्या भावाने ते पुसलेले नाहीत.

कातळकडा

आणि मीही नोंद करतो की, आपण प्रत्येक फोटोमागे संगणकासमोर जेवढा वेळ बसता, तेवढ्या वेळात मी गडाच्या पायथ्याच्या पाचनईपर्यंत उतरून चहा पितो.

पहिलीच पायरी

सर्वांचे वाचून झाले, पण माझा प्रश्न तसाच राहिला. माझ्याकडे एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा, कॅमेरा आणि १०-२० मिमीची लेन्स आहे. धागाकर्त्यांनी सांगितल्याप्रमाणे १०० मिमीचा ०.९ सॉफ्ट मित्राकडून आणून लावून पाहिला. आकाश तीन स्टॉप गडद व्हायला हवे होते, ते जेमतेम एक स्टॉप झाले. माझे काय चुकले?

जुनी रीळ

तुमचे काहीच चुकलेले नाही. लेन्सचे तोंड लहान असल्यामुळे तिला एवढ्या मोठ्या पट्टीचा मधला थोडासाच भाग दिसतो आणि सॉफ्टचा उतार तर त्याहून लांब पसरलेला असतो. गडद टोक फ्रेमच्या बाहेरच राहते. एकतर ७५ मिमीची सिस्टिम घ्या, नाहीतर १०० मिमीमध्येच हार्ड घ्या. तुमच्या सेन्सरवर तो पुरेसा मऊ दिसेल.

कातळकडा

मी फुलफ्रेम गृहीत धरून लिहिले होते, हे लिहायचे राहिले. जुनी रीळ यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि हे वाक्य टंकायला मला किती वेळ लागला ते विचारू नये. तरी हार्डऐवजी दोन्हींच्या मधला मीडियम मिळाला तर आधी तो पाहावा.

भरतीची वेळ

काचेचा.

कातळकडा

रेझिनचा.