शिकारीचे कपडे पुण्याला आणू का?

प्रेषक: नि. (मॅडिसन)
प्रति: मंडळाची यादी
विषय: शिकारीचे कपडे पुण्याला आणू का?

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात पुण्याला येतोय आणि या वेळी सुट्टी चांगली लांब मिळाली आहे. बाबांना माळावरचा लांडगा बघायचा आहे. कधीपासून म्हणतायत, पण जाणं होत नाही. इंदापूर-बारामतीकडचे माळ, मयूरेश्वर अभयारण्य, जमलं तर पक्ष्यांसाठी भिगवण असा बेत आहे.

इथे अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये, हरणांच्या शिकारीच्या सीझनसाठी जमवलेलं सामान माझ्याकडे बरंच आहे. भडक नारिंगी जॅकेट, झाडपाल्याच्या नक्षीचं कॅमोफ्लाज जॅकेट आणि पँट, आतून अस्तर असलेले रबरी बूट, दुर्बीण, सॅटेलाइटवरून निरोप पाठवायचं यंत्र, हरणाला बोलावायच्या शिट्ट्या. यातलं काय आणू, काय ठेवू? बाबांसाठी सगळं तिथेच घ्यायचंय. स्वस्त हवं पण फाटकंतुटकं नको. ‘सफारी’ असं लेबल लावलेल्या कपड्यांच्या किमती बघून तर डोळे पांढरे झाले.

पुण्याला परतलेल्या जुन्या सभासदांपैकी कोणी सांगेल का?

नि.

---

प्रेषक: सु. (औंध, पुणे)
विषय: उत्तर: शिकारीचे कपडे पुण्याला आणू का?

प्रिय नि.,

तुझी मेल वाचून फार बरं वाटलं. विस्कॉन्सिनला असताना मी स्वतः सीझनला जायचे, आता इथे पक्षी बघते, त्यामुळे दोन्हीकडचं सामान वापरून झालंय. जरा सविस्तर लिहिते.

आधी काय आणायचं नाही ते. सॅटेलाइटचं यंत्र घरीच ठेव. भारतात त्याला सरकारची परवानगी लागते, आणि ते बॅगेत सापडलं म्हणून विमानतळावर परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. या बाबतीत ‘बघू, काय होतंय’ अजिबात नको. शिट्ट्या आणि हरणाला भुलवायच्या वासाच्या बाटल्या असतील तर त्याही तिकडेच राहू देत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात बंदूक चालवणं तर येतंच, पण जनावराला हाकारणं आणि आमिष दाखवणंही येतं. लांडग्याला जवळ आणायचा कुठलाही उपाय करायचा नाही. तो येईल तेव्हा येईल.

कॅमोफ्लाजही नको. तुझी नक्षी शिकाऱ्यांची आहे, लष्कराची नाही, हे मला कळतं. पण चौकीवरच्या वनरक्षकाला किंवा वाडीतल्या माणसाला ते लांबून कसं कळणार? माळावर चोरून शिकार करणारे येतात, त्यामुळे लोक सावध असतात. त्यात पुणे हे लष्कराचं गाव. दक्षिण कमांडचं मुख्यालय इथे, खडकवासल्याला एनडीए, खडकी आणि देहूरोडला छावण्या. तिथल्या रस्त्यांवर कॅमोफ्लाज घालून गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणं बरं नव्हे. लष्कराने आपल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची २०२२ मध्ये रीतसर नोंदणी केली आहे, तसं कापड बाहेर विकायलाही मनाई आहे.

आणि खरं सांगू, नक्षीने फार फरक पडतच नाही. हरणाला लाल-नारिंगी रंग नीट दिसत नाही, म्हणून तर तुमचं नारिंगी जॅकेट तिकडे चालतं. निळा मात्र त्याला आपल्यापेक्षा चांगला दिसतो. चिंकारा आणि इतर खुरवाल्या जनावरांचंही साधारण तसंच. म्हणजे माळावर सगळ्यात वाईट कपडा कुठला, तर जीन्स! पुण्याहून येणारे निम्मे लोक नेमकी तीच घालून येतात. मातकट, खाकी, वाळक्या गवताचा रंग घ्या आणि हालचाल कमी ठेवा, एवढं पुरतं. लांडग्याला तुमचा वास आधीच लागलेला असतो, त्यामुळे वारा कुठून येतोय ते कपड्यापेक्षा महत्त्वाचं.

आता कापड. इथेच तिकडचं ज्ञान उलटं पडतं. तिकडे आपण फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापड) आणि लोकर घेतो, कारण थंडी कडाक्याची आणि कापड सळसळून चालत नाही. इथल्या माळावर डिसेंबरात गवत वाळून कुसळं सुटलेली असतात. कुसळ एकदा जवळून बघ. टोकाला सुईसारखा दाणा, मागे पिळाची शेपटी. दमट हवेत ती शेपटी आपोआप फिरते आणि दाणा कापडात आत आत शिरत जातो. फ्लीसवर ही कुसळं अशी बसतात की तास तास काढत बसावं लागतं, आणि मोज्यात शिरली तर चालवत नाही. म्हणून इथे विणीने घट्ट, वरून गुळगुळीत कापड हवं. सगळ्यात उत्तम म्हणजे युनिफॉर्मचं टेरिकॉट! पोलिसांची, वॉचमनची, शाळेची पँट ज्याची शिवतात ते. कुसळ धरत नाही, रात्री धुतलं की सकाळी वाळलेलं असतं, वर्षानुवर्षं विटत नाही, आणि सफारीच्या नावाखाली विकतात त्याच्या पासंगालाही किंमत पुरत नाही. युनिफॉर्मच्या दुकानातून खाकी किंवा मातकट पीस घ्यायचा आणि शिंप्याला सांगायचं: गुडघ्यावर आणि बैठकीला दुहेरी कापड, खिसे खोल आणि झाकणाचे, पायाशी बटणपट्टी म्हणजे कुसळं आणि किडे वर चढत नाहीत. बाबांची कंबर सैल ठेवायला सांग, जीपमधून उतरता-चढताना बरं पडतं.

थंडी. तुला हसू येईल, पण पुण्याजवळच्या माळावर पहाटे १०–१२ अंश असतं, आणि उघड्या गाडीत वारा लागला की दात वाजतात. दुपारी तोच पारा ३० वर. त्यामुळे एकच जाड जॅकेट कुचकामी. आत सुती बनियन, त्यावर लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, वर विंडचीटर, डोक्याला कानटोपी. नऊ वाजले की एकेक उतरवायचं. हिवाळ्यात तिबेटी लोक रस्त्याकडेला स्वेटर घेऊन बसतात, तिथे स्वस्त मिळतं, पण बरंचसं ॲक्रिलिक असतं. शिवणीतला एखादा सुटा धागा मागून घे आणि काडी लावून बघ. लोकर असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी होतो. ॲक्रिलिक कोरड्या थंडीत चालतं, दवात भिजलं की त्यात लोकरीची ऊब राहत नाही.

आणि बाबांसाठी एक घोंगडी घ्याच. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, हातमागावरची. धनगर याच माळांवर पावसात आणि थंडीत तिची खोळ करून फिरतात, तेव्हा तिची परीक्षा वेगळी घ्यायला नको. अंगाला टोचते, म्हणून खाली पूर्ण बाह्यांचा शर्ट हवा. रंग मुळातच काळा-करडा. पाणवठ्याशी बसून राहायचं असेल तर अर्धी खाली, अर्धी अंगावर.

पायांचं मात्र मनावर घे, तिथे काटकसर नको. तुझे अस्तराचे रबरी बूट इथे भट्टी होतील. बाबांना घोट्याच्या वरपर्यंत येणारे, जाड तळाचे कॅनव्हासचे किंवा चामड्याचे बूट हवेत. बाभळीचा काटा पातळ तळातून थेट आत जातो, आणि माळावर फुरसं आणि घोणस दोन्ही असतात. गडावर, कातळावर जायचं असेल तर ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगचे बूट. ते स्वस्त आहेत आणि त्यांची पकड सह्याद्रीतल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या वाखाणलेली आहे, पण काटेरी माळासाठी माझं मत जाड तळालाच. डेकॅथलॉनचा शिकाऱ्यांसाठीचा सोलोन्याक ब्रँड आहे, त्यातलं काही आवडलं तर साध्या रंगातलं बघ. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, तिथे कॅनव्हासची पिशवी, पाण्याची बाटली असलं बरंच काही मिळतं. जुने बूट मात्र घेऊ नकोस, दुसऱ्याच्या पायाची घडी पडलेली असते.

दुर्बीण नक्की आण. तुझ्या सामानातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगाची) असेल तर फारच छान, पहाटेच्या अंधुक उजेडात तीच कामाला येते.

सु.

---

प्रेषक: अ. (मिलवॉकी)
विषय: उत्तर: शिकारीचे कपडे पुण्याला आणू का?

सुताई, तुमची मेल वाचून राहवलं नाही म्हणून मध्येच विचारते. आमच्या लेकीचा यंदा पहिला सीझन. मैत्रिणीच्या वडिलांबरोबर जाणार आहे, परीक्षा आणि प्रमाणपत्र झालंय. आम्हा दोघांना यातलं काही कळत नाही. दुकानात गेलो तर तो माणूस एवढं काही दाखवायला लागला की सगळं घेतलं असतं तर महिन्याचा किराणा निघाला असता. पोरगी पुढच्या वर्षी मापात बसणारही नाही. काय घ्यावंच लागेल, आणि कुठे वाचवता येईल?

अ.

---

प्रेषक: सु. (औंध, पुणे)
विषय: उत्तर: शिकारीचे कपडे पुण्याला आणू का?

प्रिय अ.,

लेकीला माझ्याकडून शाबासकी दे.

बंदुकीच्या सीझनला विस्कॉन्सिनमध्ये कंबरेच्या वरच्या कपड्यांपैकी निदान निम्मा भाग भडक नारिंगी किंवा गुलाबी हवा, टोपी घातली तर तीही निम्मी तशीच. गुलाबीला २०१६ पासून परवानगी आहे. यासाठी महागडं जॅकेट लागत नाही. मोठ्या मापाचं साधं नारिंगी व्हेस्ट घ्या, तिच्या आहे त्या थंडीच्या कोटावरून घालता येतं आणि पुढची काही वर्षं पुरतं. सोबत नारिंगी टोपी. झालं काम.

आतून सुती काही नको. घाम येतो, सुती कापड तो धरून ठेवतं आणि मग एका जागी बसून पोर गारठते. जुनी लोकरीची पँट आणि स्वेटर सेकंडहँड दुकानात आणि लष्करी सामान विकणाऱ्यांकडे फार स्वस्त मिळतात. लोकर जुनी झाली तरी ऊब देते आणि झुडपाला घासली तरी आवाज करत नाही. बर्फात खेळायची नायलॉनची पँट मात्र पावलागणिक सर्र सर्र वाजते. ती घालायचीच असेल तर तिच्यावरून मोठ्या मापाची लोकरी पँट घाला. बूट सैल हवेत, आत बोटं हलायला हवीत. दोन-दोन मोजे कोंबून बूट घट्ट केले की पाय जास्त गार पडतात, हे दुकानात कोणी सांगत नाही. बाकी कपड्यांसाठी जानेवारीपर्यंत थांबा, सीझन संपला की किमती उतरतात.

एका गोष्टीत मात्र एक डॉलरही वाचवू नका. ती झाडावरच्या मचाणावर बसणार असेल तर पूर्ण अंगाचा सुरक्षा-पट्टा नवा कोरा घ्या, तिच्या वजनाचा. वापरलेला नको, कोणी प्रेमाने दिला तरी नको. पट्ट्यावर मुदत छापलेली असते ती बघा, आणि जमिनीवर असतानाच तो तिला नीट घालता येतो ना हे घरी करून बघा. शिकारीत गोळी लागेल याची सगळ्यांना धास्ती असते, पण मचाणावरून पडून मोडलेली माणसं कितीतरी.

कपडे धुताना नेहमीची पावडर वापरू नका. कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून त्यात टिनोपालसारखी द्रव्यं असतात, ती अतिनील किरणांत चमकतात आणि हरणाला ती चमक दिसते. भारतीय दुकानात रिठे मिळतील. मूठभर रिठे रात्री भिजत घाला, सकाळी उकळून कुस्करा, गाळा आणि त्या पाण्यात लोकर हलक्या हाताने धुवा. पिळू नका, सावलीत पसरून वाळवा. वासही जवळपास राहत नाही.

आणि गोचिडी! नोव्हेंबरातही हवा जरा उबदार झाली की त्या असतातच, आणि तिकडे त्यांच्या चाव्यातून होणारा लाइमचा ताप आहे. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून पूर्ण वाळू द्या. घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून लांब ठेवा, मांजराला ते विषारी आहे.

सु.

---

प्रेषक: नि. (मॅडिसन)
विषय: उत्तर: शिकारीचे कपडे पुण्याला आणू का?

सुताई,

मनापासून आभार. बॅगेत आता फक्त दुर्बीण, साधं करडं विंडचीटर आणि माझे घोट्यापर्यंतचे बूट. बाबांना तुमची मेल वाचून दाखवली, टेरिकॉटचं नाव ऐकून एकदम खूश झाले. त्यांच्या गुडघ्यांचा त्रास मात्र वाढलाय, फार चालवत नाही. तरी काही दिसेल का?

नि.

---

प्रेषक: सु. (औंध, पुणे)
विषय: उत्तर: शिकारीचे कपडे पुण्याला आणू का?

अरे, नक्की दिसेल. इंदापूरजवळ कडबनवाडी आणि बारामतीजवळ शिर्सुफळ इथे वनखात्याची गवताळ माळांची सफारी आहे, बुकिंग ऑनलाइन होतं आणि सगळं गाडीत बसूनच बघायचं असतं. लांडगा, खोकड, चिंकारा, नशीब असेल तर तरस. पहाटेची फेरी घे. सुप्याचं मयूरेश्वर जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, तिथे चिंकारा बघायला बाबांना फार वणवण करावी लागणार नाही. भिगवणला तर होडीतच बसायचं. होडीत वारा बोचरा असतो, तेव्हा घोंगडी तिथेही न्या.

बाबांची मापं लगेच पाठव: कंबर, सीट, मांडी, बाहेरून पायाची लांबी. कापड मी घेऊन ठेवते. आमचा शिंपी लग्नसराईत हाताला लागत नाही, त्यामुळे नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्याकडे टाकायला हवं. बूट मात्र तू आल्यावर बाबांना घेऊन जाऊनच घे, संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असतात तेव्हा, आणि माळावर जायच्या आधी निदान आठवडाभर ते घालून सकाळी फिरू देत.

सु.